बांधावरचा खून घेऊन महोत्सवाला

दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणं हा माझा धंदा. अंबाजोगाईत कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्र, वारसाचा अर्ज, भाडेकरार, पुरशिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन), मोजणीचा अर्ज, दिवसभर हेच. रात्री साडेनऊनंतर, घरातलं आवरलं की, त्याच कॉम्प्युटरवर मी खून पाडते. २०२३ मध्ये माझी एक रहस्यकादंबरी छापून आली. पाचशे प्रती निघाल्या, त्यातल्या दीडशेच्या वर अजून आमच्या दिवाणात आहेत, पाहुणे आले की गादी उचलून एखादी देते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचा निकाल लागल्यावर दुकान जरा सुनं झालं. निवडणुकीत शपथपत्रं आणि झेरॉक्सचा मारा असतो, तो संपला की आठवडाभर माशा मारायच्या. त्या आठवड्यात एका ओळखीच्या ग्रंथपालांनी व्हॉट्सॲपवर एक माहितीपत्रक पाठवलं. छत्रपती संभाजीनगरला जानेवारीत चित्रपट महोत्सव, त्यातच तीन दिवसांचं लेखन शिबिर, आणि शेवटच्या दिवशी निवडक लेखकांनी आपली गोष्ट निर्मात्यांपुढे मांडायची. गुन्हेकथा, रहस्यकथा चालेल असं स्पष्ट लिहिलेलं होतं. महोत्सवाचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. काही चुका माझ्या होत्या, काही त्यांच्या, आणि चार दिवसांच्या गडबडीत त्या कुणाकडूनही होतात.

अर्ज बघून मला घाम फुटला. दिवसाला वीस अर्ज लिहिणारी बाई मी, पण त्यात माझं स्वतःचं नाव नसतं. मागितलं होतं असं: गोष्ट एका वाक्यात (त्याला लॉगलाइन म्हणतात), दोन पानी सारांश, पटकथेची पहिली दहा पानं, आणि कादंबरीवरून असेल तर चित्रपटाचे हक्क आपल्याकडेच आहेत याचा पुरावा. मुदत ३० डिसेंबर.

हक्कांचा पुरावा! प्रकाशकाबरोबरचा करार मी सही केल्यावर पुन्हा उघडूनही बघितला नव्हता. लोकांना "सही करायच्या आधी वाचा हो" असं रोज सांगते ती मी. करार एक पानी निघाला. आमच्या कोर्टातल्या एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी चहा पिता पिता तो वाचला आणि फी घेतली नाही. त्यांनी सांगितलेलं मी पाठच केलंय, कारण ते नवीन लेखकाला कुणी सांगत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे ते लेखीच द्यावे लागतात, आणि कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशापुरते, हे त्यात लिहावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. माझ्या कागदावर फक्त पुस्तकाच्या आवृत्त्यांचा उल्लेख होता, चित्रपटाचा शब्दही नव्हता. म्हणजे तो हक्क माझाच. तरी वकीलसाहेब म्हणाले, "प्रकाशकाचं एक ना-हरकत घेऊन ठेवा. हक्क आपला असला तरी पुढच्या माणसाला कागद लागतो."

ते चार ओळींचं पत्र यायला सतरा दिवस आणि पाच फोन लागले. मजकूर मीच टाइप करून पाठवला होता, त्यांनी फक्त सही करायची होती. ज्यांचं पुस्तक निघालेलं आहे त्यांनी हे काम सगळ्यात आधी हाती घ्यावं. बाकीचं सगळं आपल्या हातात असतं, हे एवढं दुसऱ्याच्या हातात असतं.

दुसरी भीती चोरीची. मुंबईच्या लोकांपुढे गोष्ट सांगायची आणि वर्षभरानं तीच टीव्हीवर दिसली तर? यावर दोन मार्ग समजले. एक, मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन तिथं पटकथा नोंदवायची. सभासद झाल्याशिवाय नोंदणी होत नाही. अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता, एवढा पुरावा त्यातून मिळतो. दुसरा, सरकारी कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज. मला सरकारी अर्जाची सवय, म्हणून मी दुसरा धरला. साहित्यकृतीसाठी फी ५०० रुपये. ३ डिसेंबरला पैसे भरले, डायरी क्रमांक लगेच मिळाला. त्यानंतर कुणाला हरकत घ्यायची असेल तर तीस दिवस थांबतात, मग तपासणी, मग प्रमाणपत्र. खरं तर नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं त्या क्षणी हक्क आपला होतो. पण डायरी क्रमांक हातात आल्यावर मला झोप लागली, हे खरं.

वकीलसाहेबांनी त्या झोपेलाही सुरुंग लावला. म्हणाले, "ताई, कल्पनेवर हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच सांगून ठेवलंय. बांधावरून खून होतो ही कल्पना कुणाचीही. तुम्ही ती कशी मांडली, ते तुमचं." मराठवाड्यात बांधावरून खून होतो ही कल्पना माझी आहे असं मी तरी कुठल्या तोंडानं म्हणणार होते.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका गावात एक बाई पोलीस पाटील आहे. २०२२ च्या खरिपात एका शेतकऱ्याचा सामाईक बांधावर खून होतो. चुलतभाऊ म्हणतो, मी त्या दिवशी लातूरला आडतीवर होतो. पण त्याच दिवशी त्याच्याच मोबाइलवरून ई-पीक पाहणीच्या ॲपवर सोयाबीनचा फोटो चढलेला असतो. राज्यात २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून करायची पद्धत आली, फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात. मी असे शेकडो सात-बारे काढून दिलेत, त्यातूनच हे सुचलं. कादंबरीत हा धागा चौथ्या प्रकरणात गाव नमुना १२ च्या, म्हणजे सात-बाऱ्यातल्या पिकांच्या नोंदीच्या, एका रटाळ उताऱ्यात आहे. वाचक तो वाचत नाही. रहस्यकथेत काहीतरी लपवायचं असेल तर ते कंटाळवाण्या जागी ठेवावं, असा माझा ठोकताळा होता.

मग ९ डिसेंबर आला. आमच्याच बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात, एका सरपंचाचं अपहरण करून त्यांची हत्या झाली. त्याबद्दल सगळ्या महाराष्ट्रानं वाचलंय, मी वेगळं लिहीत नाही. पण कोर्टाच्या आवारात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. मोर्चाला जाणारी माणसं माझ्या दुकानापुढून जायची, निवेदनांच्या झेरॉक्स माझ्याकडे व्हायच्या. दहा दिवस मी पटकथेला हात लावला नाही. माझ्या गोष्टीतला मेलेला माणूस कुणी सरपंच नाही, गोष्ट आधीची आहे, छापलेली आहे, हे सगळं मला माहीत होतं. तरी 'प्रेत' हा शब्द टाइप करताना हात थांबायचा. अर्जच करू नये असं ठरवत आले होते. शेवटी केला, त्यामागे मोठं काही कारण नाही. फी भरली होती आणि ना-हरकत आलं होतं.

त्यानंतर आठ रात्री नुसत्या फॉन्टमध्ये गेल्या. ज्यांचं वय चाळिशीच्या पुढं आहे आणि ज्यांनी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलंय त्यांच्यासाठी हे लिहिते. त्यांना मजकूर युनिकोडमध्येच हवा होता. कन्व्हर्टरमध्ये टाकला की रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, 'ऱ्या'चा चुथडा होतो, आणि पहिली वेलांटी एक अक्षर सोडून बसते. 'वर्दी' शब्द माझ्या पटकथेत चाळीस वेळा आहे, चाळीस वेळा तो 'वदीर्' झाला. दोन रात्री दुरुस्त करत बसले, मग सरळ नव्यानं टाइप केलं. रेमिंग्टन कीबोर्ड ठेवून युनिकोड टाइप करता येतं, बोटांची सवय मोडावी लागत नाही. हे मला धाकटीनं सांगितलं. आधी विचारलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या.

पटकथेच्या मांडणीचंही एक आहे. एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, असं सगळीकडे सांगतात. ते इंग्रजी टाइपच्या ठरावीक आकाराचं गणित आहे. मराठीत ते जुळतंच असं नाही. मी दहा पानं घड्याळ लावून मोठ्यानं वाचली, चौदा मिनिटं झाली. शेवटी वाचून बघणं हेच खरं माप.

३० डिसेंबरला येळवस होती, म्हणजे वेळ अमावास्या, शेतात जाऊन जेवायचा सण. माझं माहेर लातूरकडचं, त्यामुळे शेतात जेवायला गेलंच पाहिजे. सकाळी भज्जी, उंडे, आंबील झाली, दुपारी सगळे शेतात. आणि मी कडब्याच्या गंजीवर चढून नेटवर्क शोधते आहे. सारांशाची फाइल मोठी होती, तीनदा अडकली. दोन वाजून चाळीस मिनिटांनी गेली. खालून सासूबाई म्हणाल्या, "उतर आता, आंबील आंबली." ती आंबलेलीच असते, पण म्हणायची पद्धत.

११ जानेवारीला ईमेल आली. बारा जणांत माझं नाव होतं. घरात आनंद झाला, मला मात्र पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, कारण आता जावं लागणार होतं. प्रतिनिधी शुल्क ५०० रुपये होतं, शिबिराचं वेगळं नव्हतं. राहण्याची सोय ज्याची त्यानं करायची. माझी मावसबहीण सिडकोत राहते म्हणून लॉजचा खर्च वाचला. नाहीतर रात्रीला हजार-बाराशे धरून चाला.

बातमी आवारात पसरलीच. मोजणीचा अर्ज घेऊन आलेले एक आबा कागदाकडे न बघता म्हणाले, "ताई, तुमी पिच्चर काढायलाव म्हणं?"

"काढत नाही आबा, नुसतं सांगायला चालले."

"सांगायचे पैशे देतेत का?"

"नाही, आपणच भरायचे."

आबांनी माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं आणि मोजणीची फी दोनदा मोजून दिली.

२३ जानेवारी, गुरुवार. पहाटेची गाडी धरली. केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, पाचोड. जानेवारीची थंडी, दोन्ही बाजूला ज्वारी हुरड्यात आलेली. केज तालुक्यातून गाडी जाताना सगळे गप्प होते, किंवा मलाच तसं वाटलं. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मला १६५ रुपये पडले. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरायला बारा वाजले.

महोत्सवाच्या ठिकाणी पोचले तर ओळखपत्रांसाठी रांग. अर्धा तास उभी राहिले. माझा नंबर आला तर पत्रावर 'श्री.' आणि आडनावात एक अक्षर कमी. टेबलावरचा मुलगा म्हणाला, "चालतंय मॅडम, कोण बघतंय?" मला नाही चालत. नावातलं एक अक्षर चुकल्यामुळे लोकांना तीन-तीन वर्षं कोर्टात चकरा मारताना मी बघते. पर्समधून कोरा कागद काढला, प्रति, विषय, महोदय, आधारची झेरॉक्स सोबत जोडली, खाली सही. मुलानं तो अर्ज दोन्ही हातांनी धरला. मग तो आतल्या बाईंना दाखवायला गेला आणि दहा मिनिटांत नवं ओळखपत्र आलं. खरं सांगू, तिथपर्यंत मी दबून होते. सुती झब्बे, गळ्यात कॅमेरे, इंग्रजीत चाललेल्या गप्पा. त्या अर्जानंतर जरा बरं वाटलं. हेही कार्यालयच आहे, इथंही खिडक्या आहेत आणि बरोबर खिडकी शोधायची आहे.

एक व्यावहारिक गोष्ट. गळ्यात ओळखपत्र आहे म्हणजे खुर्ची मिळते असं नाही. आधी येईल त्याला आधी. पहिल्या दिवशी एका चित्रपटाला दारातूनच परत आले. नंतर अर्धा तास आधी जाऊन उभी राहायचे, पाण्याची बाटली आणि गुळाची पोळी पिशवीत. परदेशी चित्रपटाला मधल्या रांगेत बसा, खालची अक्षरं पुढच्याच्या डोक्याआड जात नाहीत. इंग्रजी अक्षरं भराभर जातात. पहिली वीस मिनिटं मी वाचतच राहिले आणि चित्र बघायचं राहून गेलं. मग वाचणं सोडून दिलं. एका डोंगराळ गावातली गोष्ट होती, एक म्हातारा हरवलेलं जनावर शोधतो, बस. खून नाही, पोलीस नाही. आणि मी खुर्चीच्या कडेवर आलेली. आजवर मी वाचकाला कडेवर आणायला तीन माणसं मारत आले होते.

शुक्रवारी शिबिराचा पहिला खरा दिवस. सकाळी एक निवृत्त पोलीस अधिकारी आणि एक न्यायवैद्यक शास्त्राच्या डॉक्टर होत्या. विषय, पडद्यावरचा तपास आणि खरा तपास. एका तरुण लेखकानं त्याच्या २०२५ मध्ये घडणाऱ्या गोष्टीत '३०२ लावा' असं लिहिलं होतं. अधिकारी म्हणाले, "१ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर ३०२. नंतरचा असेल तर नव्या न्याय संहितेचं १०३. तुमच्या इन्स्पेक्टरला हे माहीत नसेल तर त्याला निलंबित करा." हशा झाला. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकानं घटनास्थळी जायचं, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आलंय आणि राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत दिलेली आहे, हेही त्यांनी सांगितलं. मी वहीत लिहून घेत होते. माझी गोष्ट २०२२ ची, माझं ३०२ बरोबर होतं, त्यामुळे मनातून जरा फुशारले होते.

ती फुशारकी दहा मिनिटांत उतरली. माझ्या कादंबरीतला सगळ्यात वेगवान प्रसंग रात्रीच्या शवविच्छेदनाचा आहे. रात्री दोन वाजता डॉक्टर येतात, पहाटे अहवाल तोंडी कळतो, आणि चुलतभावानं कपडे जाळायच्या आत पोलीस पाटील बाई तिथं पोचते. मी तो प्रसंग वाचून दाखवला. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "हे होणार नाही." सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायला केंद्रानं नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, पण त्यातून खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेली प्रेतं आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणं वगळलीत. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला तरच अपवाद. "तुमच्या गावात खून झालाय. प्रेत सकाळपर्यंत थांबणार."

माझ्या दुकानापासून वैद्यकीय महाविद्यालय रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. दोन वर्षांत एकदा जाऊन विचारलं नाही. छापलेल्या पाचशे प्रतींत ती चूक आहे. दिवाणातल्या दीडशे तरी लोकांच्या हाती गेल्या नाहीत, एवढंच.

त्या रात्री मावसबहिणीकडे नीट जेवण गेलं नाही. दाजींनी गुलमंडीवरून इम्रती आणली होती. ते म्हणाले, "पिच्चरमध्ये सगळं चालतं हो." त्यांचं प्रेम कळत होतं, पण मला ते 'कोण बघतंय' सारखंच वाटलं.

शनिवारी प्रत्येकाला एका पटकथाकाराबरोबर चाळीस मिनिटं होती. माझे मार्गदर्शक पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी माझी दहा पानं वाचलेली होती, समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. हे मला फार मोठं वाटलं. त्यांनी विचारलं, "हा सात-बारा तुम्ही पडद्यावर कसा लपवणार?"

मी माझं कंटाळवाण्या जागेचं सांगितलं. ते म्हणाले, "पुस्तकात वाचकाची नजर तुम्ही ओळीवरून पळवू शकता. पडद्यावर कॅमेरा कागदावर थांबला, की प्रेक्षक म्हणतो, हा कागद महत्त्वाचा. थांबला नाही तर त्याला दिसतच नाही. कंटाळा इथं कामाचा नाही."

मग पंचवीस मिनिटं आम्ही नुसतं त्या एका धाग्यावर बसलो. मी सहज सांगितलं की लोकांना हे ॲप जमत नाही. म्हातारी माणसं अंगठ्यानं कॅमेरा झाकतात, फोटोत नुसतं लाल दिसतं, मग पोरांवर ओरडतात. ते एकदम ताठ बसले. "हे कुठंय पटकथेत?" कुठंच नव्हतं, मला ते लिहिण्याजोगं वाटलंच नव्हतं. "तिथं ठेवा तो फोटो. प्रेक्षक हसत असतो तेव्हा त्याच्या खिशात काहीही टाकता येतं."

या एका वाक्यासाठी गेलं तरी पैसे वसूल झाले. चाळीस मिनिटं मिळतात, त्यातली पहिली दहा आपण आपल्याबद्दल बोलण्यात घालवतो. माझीही गेली. तसं करू नका. अडलेली एकच जागा घेऊन बसा.

२६ जानेवारी, रविवार. सकाळी झेंडावंदन, अकरापासून निर्मात्यांपुढे गोष्टी. प्रत्येकाला सात मिनिटं, मग तीन मिनिटं प्रश्न. समोर पाच खुर्च्या. माझा नंबर नववा, म्हणजे दीड तास बाहेर. तोंडाला कोरड पडली होती. आदल्या रात्री बहिणीच्या गच्चीवर मोबाइलमध्ये वेळ लावून सहा वेळा म्हणून बघितलं होतं, तरी आत गेल्यावर पहिलं वाक्य गेलं. मग मी दुकानात गिऱ्हाइकाला प्रकरण समजावते तसं सुरू केलं, "दोन भावांत सामाईक बांध आहे, साडेतीन फुटाचा." ते बरं चाललं. सात मिनिटांची घंटा झाली तेव्हा शेवट सांगून झाला होता. शेवट लपवू नका. रहस्यकथा असली तरी निर्मात्याला खुनी कोण ते सांगावंच लागतं, आमच्यातल्या दोघांनी 'ते चित्रपटातच बघा' म्हटलं आणि खोलीतली हवाच गेली.

प्रश्नांत एकानं विचारलं, "तुम्ही बीड जिल्ह्यातल्या ना? मग आत्ता जे घडलंय त्यावर का नाही लिहीत? सगळं तुमच्या डोळ्यांपुढं आहे. उद्या घ्यायला तयार आहे मी."

हा प्रश्न येणार हे चार दिवस कळत होतं. रांगेत, चहाच्या टेबलावर, "बीड का? मग काय, कथांना तोटा नाही," असं हसत हसत म्हणणारे भेटले होते. उत्तर तयार केलं होतं, ते आठवलं नाही. मी एवढंच म्हणाले, की त्या घरातली माणसं अजून न्यायासाठी उभी आहेत, निवेदनांच्या झेरॉक्स माझ्याच मशीनवर निघाल्यात, मला ते जमणार नाही. कुणी काही बोललं नाही. ते गृहस्थ वाईट होते असं मला म्हणायचं नाही, त्यांचा धंदा त्यांनी विचारला. पण माझी गोष्ट सांगून झाल्यावर तीन मिनिटांतली दोन त्यात गेली, याचं वाईट वाटलं.

बाहेर आल्यावर दुसऱ्या एका बाईंनी कार्ड दिलं. पूर्ण पटकथा झाली की पाठवा, आवडली तर ऑप्शनचा विचार करू, म्हणाल्या. ऑप्शन म्हणजे विकत घेणं नाही. ठरलेल्या मुदतीपुरती गोष्ट त्यांच्यासाठी राखून ठेवायची, त्याचे थोडे पैसे, आणि पुढे चित्रपट ठरला तर पूर्ण करार. मुदत, रक्कम, आणि मुदत संपल्यावर हक्क आपोआप परत, या तीन गोष्टी कागदावर पाहिजेत. वकीलसाहेबांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं: कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर, सिनेमागृहाबाहेर चित्रपट दाखवला जातो त्या वापरातली लेखकाची रॉयल्टी दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही, फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला. करारात तसं लिहून मागितलं तर बोट ठेवा.

सोमवारी परत. एसटीची भाडेवाढ मधल्यामध्ये २५ तारखेपासून लागू झाली होती, तेच अर्धं तिकीट १९० ला पडलं. रिक्षा, जेवणं, शुल्क, कॉपीराइटची फी, सगळं धरून एकूण ३,१०० रुपये गेले. औरंगपुऱ्यात घेतलेल्या पुस्तकांचे ६४० वेगळे, ते घरी सांगितलेले नाहीत.

कॉपीराइटचं प्रमाणपत्र यायला ऑगस्ट उजाडला. कार्ड देणाऱ्या बाईंना मी मे महिन्यात पूर्ण पटकथा पाठवली. जूनमध्ये 'मिळाली, वाचतोय' असं उत्तर आलं, त्यानंतर काही नाही. महिन्यातून एकदा आठवण करून देते, त्याहून जास्त नाही. भूमी अभिलेखला मोजणीची तारीख विचारायला लोक जातात, तेवढ्याच अंतरानं.

शवविच्छेदनाचा प्रसंग बदलला. त्यासाठी आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन दोन संध्याकाळी शवागाराच्या बाहेर बसले. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं आधी हाकललं, दुसऱ्या दिवशी चहा पाजला. आता पटकथेत त्या रात्री कुणी काही करत नाही. पोलीस पाटील बाई बाकावर बसलेली आहे. मेलेल्या माणसाची म्हातारी आई शेजारी. थोड्या वेळानं चुलतभाऊही येतो, घोंगडी आणतो, म्हातारीच्या अंगावर टाकतो आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतो. उजाडायला साडेपाच तास आहेत. तिघांनाही उठून जाता येत नाही.

हा प्रसंग मी मोठ्यानं वाचला तेव्हा पाऊण पानाला चार मिनिटं लागली.